झाकण उघडा, पाऊस यायच्या आत

मे महिना लागला की उपनगरांतल्या सोसायट्यांत दोन कामे हटकून होतात. गच्चीची गळती बुजवायला माणूस येतो आणि टँकरवाल्याला फोन जातो. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, हे मात्र सभेत कुणी काढत नाही.

हिशेब शाळेतला आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ४०० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पडला की ४० हजार लिटर. दहा हजारी चार टँकर! असा दिवस जुलैत अंधेरी-बोरिवलीला नवा नाही. हे पाणी आज सरळ गटारात जाते. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या बेताने आखलेली, तीही ओहोटी धरून. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला. तसला पूर आवारात पाणी मुरवणाऱ्या शोषखड्ड्याने अडणार नाही, हे कबूल. पण एरवीच्या पावसात तेवढाच नाल्यावरचा भार हलका होतो, आणि भातसा-वैतरणाचे लांबून आणलेले पाणी झाडांना व गाड्या धुवायला घालावे लागत नाही.

महापालिकेने २००२ साली १,००० चौरस मीटरवरच्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारणाची अट घातली. २००७मध्ये ती मर्यादा ३०० वर आणली. त्यामुळे खड्डा पुष्कळ ठिकाणी आहे. भोगवटा प्रमाणपत्रापुरता तो कामाला आला, पुढे त्यावर कुणाची तरी स्कूटर उभी राहू लागली. झाकण उचलले तर आत काय? सिमेंटचा राडा, गुटख्याच्या पुड्या, मांजाचा गुंता आणि गाळणीच्या वाळूवर चिखलाची जाड साय.

म्हणून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या गृहनिर्माण संस्थांना आवाहन: ही स्कूटर यंदा हलवा. वरची वाळू काढून धुवा किंवा बदला. गच्ची झाडून घ्या, पहिल्या एकदोन सरींचे पाणी बाहेर सोडा, मगच पाइप खड्ड्याकडे वळवा. सांडपाण्याची लाइन त्यात कुठे जोडलेली नाही ना, हे प्लंबरकडून स्वतः उभे राहून तपासून घ्या. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. खाडीलगतच्या सोसायट्यांत जमिनीखालचे पाणी मुळातच उथळ असते. तिथे मुरवण्यापेक्षा टाकीत साठवून फ्लशला वापरणे बरे. आवारात जुनी विहीर असेल, तर ती बुजवायचा ठराव आधी रद्द करा.

मुंबईत मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. प्लंबरला मेमध्येच बोलवा.