बातमी आधी घरी पोहोचू द्या

8 मे 2025 च्या रात्री भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याची बातमी अनेक वाहिन्यांनी दिली. ती खोटी होती. कराचीसह ठरावीक लक्ष्यांवर मारा करण्याची नौदलाची पूर्ण तयारी होती, एवढेच 11 मे रोजी व्हाइस अ‍ॅडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितले. पण ज्यांचा मुलगा युद्धनौकेवर होता, त्या घरांनी ती रात्र कशी काढायची? हल्ला झाला म्हणजे आपली जहाजे पुढे गेली, पुढे गेली म्हणजे उलट माराही झाला असणार. स्टुडिओत जल्लोष चालू असताना अशा घरात कोणीतरी पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत असते.

सैनिकाच्या घरी युद्धाची बातमी वेगळ्या कानांनी ऐकली जाते. कोण जिंकतेय हे नंतर. आधी सेक्टर कोणता, पलटण कोणती, जखमी किती. जवानाला आपले ठिकाण सांगता येत नाही. ‘मी बरा आहे, काळजी करू नका’ एवढ्यावर फोन संपतो. उरलेली जागा टीव्ही आणि व्हॉट्सअ‍ॅप भरून काढतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले. त्या पिढीने पत्राची आणि तारेची वाट पाहिली. आज त्याच जिल्ह्यातल्या आईला पडद्यावरच्या लाल पट्टीशी झुंजावे लागते, आणि त्या पट्टीला नाव-गाव नसते.

हा निनावीपणाच सर्वांत जास्त छळतो.

16 जून 2020 ला दुपारी गलवानमध्ये एक अधिकारी आणि दोन जवान धारातीर्थी पडल्याचे लष्कराने जाहीर केले. रात्री तो आकडा 20 वर गेला. मधले तास लडाखमध्ये तैनात प्रत्येक जवानाच्या घराचे होते. आकडा वीस कुटुंबांचा, धसका हजारो कुटुंबांचा. त्याच दिवसांत बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका घरी मुलगा गेल्याचा निरोप आला, रडारड झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. एकाच नावाचे दोन जवान असल्याने तो गोंधळ झाला होता. अधिकृत यंत्रणेच्या हातूनही असे होऊ शकते. मग चार मिनिटांत ‘सूत्रांच्या हवाल्याने’ नाव झळकवण्याची घाई कोणत्या भरवशावर केली जाते?

सरकारी मौनाने प्रश्न सुटतो, असेही नाही. 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी एका युद्धनौकेवर मोठा आघात झाल्याचे टीव्हीवर सांगितले, पण तिचे नाव सांगितले नाही. ती ‘कॉव्हेंट्री’ होती. झोप मात्र त्या ताफ्यातल्या सगळ्या खलाशांच्या घरची उडाली. पुढे अफगाणिस्तानात ब्रिटिश सैन्याने कडक पद्धत ठेवली. जवान दगावला की घरच्यांना निरोप पोहोचेपर्यंत तळावरचे खासगी फोन आणि इंटरनेट बंद. बातमी उंबऱ्यावर माणसाच्या तोंडून यावी, म्हणून एवढा खटाटोप.

आपल्याकडे निरोपापाठोपाठ कॅमेरे दारात पोहोचतात. अंगणात ओबी व्हॅन, ओसरीवर माइक, आणि ज्या बाईला अजून धड काही सांगितलेलेही नाही तिला विचारलेला प्रश्न : तुम्हाला काय वाटतंय? काही गावांत शेजारीपाजारी केबलची वायर काढून ठेवतात, नातेवाईक म्हाताऱ्या आईवडिलांचे मोबाइल लपवतात. हे काम शेजाऱ्यांवर पडावे, याची वृत्तकक्षांना लाज वाटली पाहिजे.

पहलगामच्या हल्ल्यानंतर 26 एप्रिल 2025 ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षण कारवायांचे थेट प्रक्षेपण टाळण्याची सूचना काढली. त्यात 2021 च्या केबल नियमांतील 6(1)(पी) या कलमाचा दाखला होता : दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण नको, फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती. मोहीम आणि जवान सुरक्षित राहावेत, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे. मात्र घरी वाट पाहणाऱ्यांचा त्या कलमात विचार नाही. कुटुंबाला कळल्याची लष्कराने खात्री देईपर्यंत जवानाचे नाव, फोटो, गाव किंवा पलटण दाखवू नये, हे वाक्य त्यात घालायला हवे. मराठी वाहिन्यांनी त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. संपादकांनी आज ठरवले तर आज रात्रीच्या बातम्यांपासून हे पाळता येईल.