वाईन राहू द्या, अमृत कोकम घाला

घरच्या घरी गोड पांढरी वाईन कशी करावी, हे सांगणारे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर सहज मिळतात. महाड-पोलादपुरात कुणाला ती करून बघावीशी वाटत असेल, तर माझं सांगणं स्पष्ट आहे : करू नका.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे आणि वाईनही त्यात आलीच. ‘घरच्यापुरती केली, विकली नाही’ ही सबब चालत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी आपली हवा आड येते. फळाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं मद्य व वायू करतं. वाईन गोड राहायची, तर थोडी साखर उरलेली असतानाच यीस्टला थांबवावं लागतं. वाइनरीत पांढऱ्या वाईनचा रस गार टाक्यांत आंबवतात, वेळ आली की आणखी गार करतात आणि यीस्ट गाळून काढतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. गोड म्हणून बूच मारून ठेवलेल्या बाटलीत यीस्ट पुन्हा कामाला लागतं, वायू कोंडतो आणि बाटली फुटते. ज्या फडताळाखाली पोरं खेळतात, तिथे काचांचा सडा पडतो.

फळ, साखर, बरणी आणि ऊन यांचंच काहीतरी करायचं, तर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, घ्या. अमृत कोकमालाही एवढंच लागतं, पण त्याची दारू होत नाही, कारण साखर भरपूर असते. थोडी साखर हे यीस्टचं अन्न. पाकात ती शेकडा ६५ च्या घरात गेली की यीस्टला जगायला पाणीच मिळत नाही. म्हणून इथे साखरेत काटकसर करायची नाही. बिया काढलेल्या १ किलो सालांना २ किलो साखर, हे माप सोडू नका.

रातांबे लालबुंद, पिकलेले पण घट्ट घ्या. धुऊन एकेक फळ कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याचा अंश राहिला तर सगळं फुकट. मधोमध चिरून बिया आणि पांढरा गर काढा. त्या बिया फेकू नका, वाळवून कोकमतेलाला ठेवा. पावसाळ्यात टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं औषध नाही. मग काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत तळाला साखर, त्यावर साखरेने भरलेल्या सालांच्या वाट्या, पुन्हा साखर, असे थर लावा. ॲल्युमिनियमचं आणि तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको, रातांब्याची आंबटाई धातू खाते. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून बरणी रोज उन्हात ठेवा आणि कोरड्या पळीने हलवा. आठवड्याभरात साखर विरघळून गडद लाल पाक सुटतो. तो गाळून बाटल्यांत भरा. पिताना गार पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. बुडबुडे दिसू लागले किंवा आंबूस वास आला, तर मात्र मन घट्ट करून ओतून द्या.

हे सगळं मेच्या मध्यापर्यंत उरका. वळवाच्या सरी सुरू झाल्या की सलग ऊन मिळत नाही, आणि रातांबेही झाडाखाली सडू लागतात. दरवर्षी किती फळ असं मातीत जातं, ते बघवत नाही. बचत गटातल्या बायकांनी तर हे काम मनावर घ्यावंच. विकायचं झालं तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्यावी.

आणि एक विनंती. टोपलीत रातांबे, करवंदं घेऊन बाजारात बसलेल्या बाईशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. भर उन्हात रान तुडवून, काटे सोसून तिने ते फळ आणलेलं असतं. ती सांगेल तो भाव द्या.