पालक म्हणजे मालक नव्हे



देहूरोडला लष्कराचा डेपो, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि भोवती कारखाने. इथे जमीन गुंठ्याने विकतात, आपल्या कपाशी-ज्वारीच्या मुलखात एकराने. वाटणीच्या दिवशी प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच : डोक्याने अधू असलेल्या भावाच्या हिश्शाचे काय? उत्तरही ठरलेले : "त्याला काय कळतंय? हक्कसोडपत्रावर अंगठा घ्या, सांभाळू आपण."

सरकार शेतकऱ्याला लुटते म्हणून आपण रस्त्यावर येतो. मग घरातली ही लूट कोणत्या तोंडाने करायची? आजार किंवा व्यंग आहे म्हणून वारसाहक्क बुडत नाही, असे १९५६ चा हिंदू वारसा कायदा सांगतो. ज्याला व्यवहार समजतच नाही, त्याचा अंगठा १८७२ च्या करार कायद्यापुढे टिकत नाही.

मुलगा १८ वर्षांचा झाला की आईबापांचे कायदेशीर पालकत्व संपते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी झालेल्या आणि बहुविकलांग प्रौढांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने वाट काढली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. त्या पालकाने ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. त्याने खाल्ले तर त्याला काढता येते.

सरकारच पालक झाले तर सगळे ठीक होईल, असेही समजू नका. १९९४ साली याच पुणे जिल्ह्यात, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर पाळीच्या वेळची स्वच्छता राखणे अवघड जाते! राज्यभर ओरड झाली तेव्हा ते थांबले. सांभाळणाऱ्याची सोय आणि सांभाळले जाणाऱ्याचे हित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून २०१६ चा अपंग हक्क कायदा वेगळे बोलतो. पालकत्व मर्यादित असावे, ठराविक निर्णयापुरते आणि ठराविक मुदतीपुरते. निर्णय दोघांनी मिळून, त्या माणसाच्या इच्छेप्रमाणे घ्यावा. ज्या व्यवहारात मदतनिसाचाच स्वार्थ गुंतला असेल, त्यात त्याने मदतनीस राहू नये. म्हणजे ज्या भावाच्या नावे हिस्सा जाणार, त्यानेच धाकट्याचा अंगठा धरून उमटवायचा, हे बंद.

बियाणे कोणते, बैल विकायचा की ठेवायचा, हे विचारले तर यातले पुष्कळजण सांगू शकतात. विचारणारे कुणी नसते, एवढेच. जिथे समजावून सांगून भागते, तिथे पालक नेमायची गरजच नाही.

जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडा. समितीने जिल्ह्याच्या गावी बसून न राहता तालुक्याला येऊन अर्ज घ्यावेत. आणि आपल्यापैकी कुणीही अशा हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नये. पहिल्या ठरावाला सरकारची मर्जी लागेल. दुसऱ्याला फक्त आपली.