गावाची वही कोण भरणार?

स्कॉटलंडचे लोकजीवन सांगणारा एक मोठा ग्रंथ तिथल्या गावोगावच्या पाद्र्यांनी लिहिला. १७९० साली सर जॉन सिंक्लेअर यांनी ९००हून अधिक पाद्र्यांना १६० प्रश्न धाडले: शेती कशी, मजुरी किती, चालीरीती कोणत्या? आलेल्या उत्तरांचे १७९१ ते १७९९ या काळात २१ खंड निघाले.

आपल्याकडे काय? त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली आला. पण तो गोदावरीपलीकडच्या इंग्रजी मुलखातला. अलीकडचे गंगापूर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, दप्तर उर्दूत. पुढे जायकवाडीच्या जलाशयात काठची गावठाणे बुडाली. तिथली वेस, पार, घाट आता पाहिलेल्यांच्या आठवणीतच उरले, आणि ती माणसे आज थकली आहेत.

गॅझेटिअर जिल्हा सांगते, गाव सांगत नाही. मग विद्यापीठाची वाट कशाला पाहायची? तालुक्यातील शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी प्रश्नांची यादी करून एकेका गावाची वही भरायला घ्यावी. सिंक्लेअर यांनी विचारले, तेव्हा सांगणारे होते. आपल्याकडेही ते अजून आहेत. विचारणारा मात्र हवा आहे.