सिम पर्समध्ये, माणूस परदेशात

मार्च-एप्रिल आला की इंदुरातल्या आपल्या मंडळींपैकी कितीतरी आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी मुलांकडे अमेरिका-कॅनडाला निघतात. तिथे उतरल्यावर पहिलं काम ठरलेलं. फोनमधलं इकडचं सिम काढून पर्सच्या कप्प्यात जपून ठेवायचं आणि जावयाने आणून ठेवलेलं तिकडचं घालायचं. व्हॉट्सॲप मात्र जुन्याच नंबरावर चालू राहतं, त्यामुळे मंडळाच्या ग्रुपवरची सकाळची फुलं काही थांबत नाहीत. येत्या उन्हाळ्यात हे जमेलच, असं नाही.

दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या ॲप्सना आदेश दिला आहे. ज्या नंबरावर खातं उघडलं, त्याचं सिम त्या फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चाललं पाहिजे. शिवाय संगणकावर उघडलेलं ॲप जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बंद व्हावं आणि पुन्हा क्यूआर कोड दाखवूनच जोडावं. यासाठी कंपन्यांना ९० दिवसांची मुदत दिली होती.

कारण खरं आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवणाऱ्या टोळ्या बऱ्याचदा कंबोडिया-म्यानमारसारख्या देशांत बसून भारतीय नंबर वापरतात. सिम इथे कुणाच्या तरी नावावर घेतलेलं, खातं तिकडे चालू. एकदा ओटीपी टाकला की पुढे सिम कुठे आहे, हे कुणी विचारतच नव्हतं. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स सिमशी बांधलेलीच असतात, मग संदेशाच्या ॲपला सूट का, हा सरकारचा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो.

सहा तासांची अट मात्र आम्हाला पटलेली नाही. मंडळाच्या कार्यालयात संगणकावर व्हॉट्सॲप दिवसभर उघडं असतं, नोंदणीचा फोन चिटणीसांच्या खिशात आणि चिटणीस आपल्या दुकानात. दुपारी ॲप बंद पडलं की त्यांना गल्ला सोडून यावं लागेल. छोट्या व्यावसायिकांचीही हीच गत होणार.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की एक दार या कुलपाने बंद होतच नाही. ‘आज रात्री वीज कापली जाईल’ असा फोन येतो, पाठोपाठ एक ॲप उतरवायला सांगतात आणि आपली स्क्रीन समोरच्याच्या हाती जाते. रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’बाबत असा इशारा फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. अशा वेळी फोन खरा, सिम खरं, ओटीपीही खरा. बोट तेवढं परक्याचं. फोनची ओळख पटवणाऱ्या यंत्रणेला यात खोटं काहीच सापडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार १ एप्रिल २०२६ पासून डिजिटल व्यवहारात ओळखीचे किमान दोन पुरावे लागतील. पण मालकाने घाबरून ते दोन्ही स्वतःच दिले तर?

अडचण अशी, की हेच साधन आपल्या घरांतही कामाला येतं. टोरांटोतला मुलगा आईची स्क्रीन उघडून विजेचं बिल भरतो, आणि ‘आई, आता हिरवं बटण दाब’ हे वाक्य भामटाही त्याच मायेने म्हणतो. म्हणून बँकेचं काम मुलांनीच पाहायचं असेल तर स्क्रीन देण्यापेक्षा शाखेत जाऊन खात्यावर दुसरं नाव लावून घ्यावं किंवा अधिकारपत्र द्यावं. दूरच्या मदतीचं ॲप बिल भरून झालं की लगेच काढून टाकावं.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी एवढंच: सिम फोनमध्येच असेल तर रोमिंगमध्ये अडचण येणार नाही, असं विभागाने म्हटलं आहे. तेव्हा तिकीट काढायच्या आधी फोन दोन सिमचा आहे का, ते पाहून घ्या. नसेल तर नातवाचा जुना फोन मागून घ्या, आणि इकडच्या नंबरचं रिचार्ज परतीच्या तारखेपर्यंत पुरेल इतकं करून ठेवा.