चालता संगणक बाद ठरवणारे हे कोण?

14 ऑक्टोबर 2025 नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची मोफत सुरक्षा अपडेट्स बंद केली. संगणक चालूच राहतो, पण नव्याने सापडलेली भगदाडं बुजवली जात नाहीत. विंडोज 11 टाकायचं तर टीपीएम 2.0 आणि साधारण 2018 नंतरचा प्रोसेसर हवा. आमच्या वस्त्यांतल्या विहारांत, अभ्यासिकांत असतात ती ऑफिसांनी वापरून दिलेली जुनी यंत्रं. त्यांवरच पोरं महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, आधार, जातीचा दाखला, पासबुक स्कॅन करतात.

कंपनी म्हणेल, दहा वर्षं सांभाळलं, आणखी किती? अपडेट बनवणंच थांबलं असतं तर हा युक्तिवाद आम्ही ऐकून घेतला असता. पण ते थांबलेलं नाही! उद्योगांना पहिल्या वर्षी यंत्रामागे 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, असं 2028 पर्यंत मिळतं. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना पहिल्या वर्षी एका डॉलरात. (विहारातली अभ्यासिका कागदोपत्री शिक्षणसंस्था नाही, हे वेगळं सांगायला नको.) घरगुती वापरासाठी 30 डॉलर भरा, नाहीतर आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवा. युरोपात ग्राहक संघटनांनी कायद्यावर बोट ठेवून जाब विचारला, तिथे ही अट गळाली. म्हणजे किंमत खर्चावर नाही, समोरचा किती संघटित आहे त्यावर ठरते.

'लिनक्स टाका की', असं मित्र सुचवतात. जमेल तिथे टाकावंच. पण एमएस-सीआयटीचा सराव, जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली, बायोमेट्रिक यंत्रांचे ड्रायव्हर हे बरंचसं विंडोजभोवतीच बांधलेलं आहे. आणि बाद यंत्र शेवटी जातं भंगारात. तिथे वायर जाळून तांबं काढणारे, बोर्ड आम्लात बुडवणारे हात कोणाचे असतात?

यंत्र दानात आलं म्हणून सुरक्षाही दानात मागायची नाही. महाडला बाबासाहेबांनी पाणी हक्क म्हणूनच घेतलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. सुरक्षा अपडेट हाही सुटा भागच आहे, यंत्र चालतं तोवर तो मोफत मिळाला पाहिजे, हे आपण त्या विभागाला लेखी कळवू. प्रत्येक अभ्यासिकेने आपल्या संगणकांचं मॉडेल, वर्ष आणि त्यावर भरल्या जाणाऱ्या अर्जांची यादी करून निवेदनाला जोडावी.

जय भीम.