लेखी मज्जाव आणि अलिखित मुभा

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यानें आमचे जे वाचक कधीं गेले असतील, त्यांस जासई हें गांव नांवानें नाहीं तरी खुणेनें खास आठवेल. लोखंडी पेट्या पाठीवर घेतलेल्या अजस्र ट्रेलरांची रांग जेथें संपतां संपत नाहीं, तेंच हें गांव. शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांचें हें जन्मस्थान. नवी मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याकरितां जानेवारी १९८४ मध्यें या टापूंत जो लढा झाला, त्यांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच शेतकरी मृत्यु पावले. पुढें २६ मे १९८९ रोजीं न्हावाशेव्याचें बंदर सुरू झालें, आणि भातशेतीच्या या मुलखांतून साऱ्या जगाचा माल ये-जा करूं लागला.

गेल्या महिन्यांत आम्ही तेथें चार दिवस राहून आलों. आमच्या धाकट्या भगिनीचा मुलगा जवळच्या एका कंटेनर-यार्डांत संगणकांच्या जाळ्याची देखरेख करतो. रात्रीं जेवणें आटोपल्यावरहि तो कागदांची एक चळत घेऊन बसलेला पाहून आम्हीं त्यास त्याच्या कामाचें स्वरूप विचारलें. तो हंसून म्हणाला, “मामा, मी दारवान आहें. फक्त माझें दार डोळ्यांना दिसत नाहीं.” त्यानंतर दोन रात्री जें संभाषण झालें, त्याचें सार आम्ही येथें देत आहों, कारण विषय यंत्रांचा असला, तरी त्यांतील बोध भरल्या घराच्या उपयोगाचा आहे.

संगणकांच्या जाळ्याच्या तोंडाशीं बसवलेल्या या दारवानास फायरवॉल म्हणतात. प्रत्येक येत्या-जात्या संदेशास तो मुख्यतः चार गोष्टी विचारतो : कोठून आलास, कोठें जाणार, कोणत्या रीतीनें बोलणार, आणि कितव्या दारानें शिरणार. या दारांस पोर्ट म्हणतात. जासईकरांच्या तोंडीं पोर्ट म्हणजे बंदर. परंतु संगणकाचीं पोर्टें म्हणजे केवळ क्रमांक, शून्यापासून ६५,५३५ पर्यंत. उत्तरें मिळालीं कीं दारवान आपली नियमपत्रिका वाचतो आणि मुभा किंवा मज्जाव सांगतो. स्वतःची अक्कल तो चालवीत नाहीं, आणि येथेंच सारी मेख आहे. नियम लिहिणाऱ्याच्या मनांत काय होतें हें त्यास कळत नाहीं. कागदावर काय आहे तेवढेंच कळतें.

आमच्या समजुतीकरितां भाच्यानें एका घराची नियमपत्रिका लिहून दाखविली. त्या घरांत घरच्यांचें एक जाळें व पाहुण्यांसाठीं दुसरें, अशी व्यवस्था आहे.

पहिला नियम : पाहुण्यांच्या जाळ्यावरून घरच्या कोणत्याहि यंत्राकडे — मज्जाव.
दुसरा नियम : पाहुण्यांच्या जाळ्यावरील थोरल्या जावयांच्या फोनवरून घरच्या प्रिंटरकडे — मुभा.
तिसरा नियम : घरच्या जाळ्यावरून कोठेंहि — मुभा.
चौथा नियम : बाकी सर्वांस — मज्जाव.

“आतां सांगा मामा, जावयांचा कागद छापला जाईल काय?” आम्ही म्हणालों, “कां नाहीं? त्यांच्यासाठीं स्वतंत्र कलम आहे.” परंतु आमचें उत्तर चुकलें. लिनक्स यंत्रणेवरील आयपीटेबल्स नांवाचा जो प्रसिद्ध दारवान आहे, तो पत्रिका वरून खालीं वाचतो आणि जो नियम प्रथम लागू पडेल तेथेंच निकाल देऊन मोकळा होतो. जावईबापू कितीहि मानाचे असले, तरी पहिल्या नियमानें ते उंबऱ्यावरच अडले. दुसऱ्या नियमापर्यंत वाचन कधीं जाणारच नाहीं. तें कलम कागदावर आहे, व्यवहारांत नाहीं.

याहून मौज पुढेंच आहे. ओपनबीएसडी नांवाच्या दुसऱ्या यंत्रणेवरील पीएफ हा दारवान उलट्या रीतीचा आहे. ‘येथेंच थांब’ असें नियमांत निराळें सांगितलें नसेल, तर तो सारी पत्रिका शेवटपर्यंत वाचतो आणि जो नियम सर्वांत शेवटीं लागू पडेल तो प्रमाण मानतो. हीच पत्रिका त्याच्या हातीं दिली, तर चौथा नियम सर्वांस लागू होऊन जावईच काय, घरधनीसुद्धां अडकून पडतील! शब्द तेच, क्रम तोच. परंतु वाचण्याची रीति बदलली कीं अर्थ बदलला.

चार नियमांची चूक आपणांस दिसली. चारशें नियमांची कशी दिसावी? प्रत्येक संदेश कल्पून पाहावा, तर जुन्या पद्धतीचे पत्तेच ४२९ कोटींहून अधिक आहेत. यावर तोड म्हणून जाणत्यांनीं नियम निराळ्या रीतीनें लिहावयास आरंभ केला. यंत्राचा पत्ता म्हणजे अखेर एक संख्याच. तेव्हां ‘पाहुण्यांचें जाळें’ असें मोघम न लिहितां ‘अमुक संख्येपासून तमुक संख्येपर्यंत’ असें लिहावें, दारांचेंहि तसेंच. मग प्रत्येक नियम म्हणजे कांहीं मर्यादांची एक ओळ होते. खालच्या नियमाच्या साऱ्या मर्यादा वरच्या एखाद्या नियमाच्या मर्यादांत पूर्णपणें सामावत असतील, तर खालचा नियम कधींच चालणार नाहीं. ही तुलना संगणक क्षणांत करतो आणि झांकले गेलेले नियम दाखवून देतो. तेल अवीव विद्यापीठाचे अविशाय वूल यांनीं ३७ फायरवॉलांच्या नियमपत्रिका तपासून २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला, तोहि येथें ध्यानांत घेण्याजोगा आहे : पत्रिका जितकी गुंतागुंतीची, तितक्या तींत चुका अधिक.

भाचा हेंच काम करीत होता. यार्डाचे नियम आजवर यंत्राच्या पोटांत, ज्याला जसे सुचले तसे घातले गेले होते. ते तो आतां एका मजकुराच्या रूपानें उतरवून काढीत होता. प्रत्येक ओळींत कोठून, कोठें, कोणतें दार व निकाल. आणि त्यापुढें आणखी दोन रकाने त्यानें स्वतः जोडले होते : नियम कशासाठीं, आणि कोठवर. हा मजकूर तो गिट नांवाच्या व्यवस्थेंत ठेवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलेल्या या व्यवस्थेंत कोणती ओळ कोणाच्या नांवें, केव्हां बदलली, याची नोंद राहते. शिवाय नवा बदल दारवानाच्या हातीं देण्यापूर्वीं त्यास कांहीं ठराविक प्रश्न घातले जातात : पाहुण्याचा फोन हिशेबाच्या संगणकापर्यंत पोंचतो काय? उत्तर ‘होय’ आलें, तर बदल तेथेंच थांबतो.

असें उतरवीत असतां त्यास एक ओळ सांपडली. बाहेरच्या एका पत्त्यावरून थेट कचेरीच्या साऱ्या यंत्रांकडे मुभा! तीन वर्षांपूर्वीं वजनकाटा बिघडला असतां दुरुस्तीवाल्यास दोन दिवसांपुरती ती दिली होती. देणारा गृहस्थ नोकरी सोडून गेला, आणि दार उघडें राहिलें. आम्ही म्हणालों, “मग लावून टाक.” तो म्हणाला, “मामा, दार लावलें आणि कांटा थांबला, तर सकाळीं गाड्यांची रांग जासईच्या नाक्यापर्यंत येईल. उन्हांत ताटकळणारा ड्रायव्हर मला विचारील.” कोणता नियम किती वेळां लागू पडला याची मोजणी दारवान ठेवीत असतो. ती त्यानें महिनाभर पाहिली, तेव्हां दर सोमवारीं कोणीतरी त्या दारानें येत असल्याचें दिसलें. शोध केला, तो दुरुस्तीवालाच निघाला. कांट्याची नियमित तपासणी तो त्या वाटेनें निमूटपणें करीत होता. मग ती मुभा नव्यानें लिहिली गेली : केवळ वजनकाट्याच्या यंत्रापुरती, एकाच दारानें, कारणासह आणि मुदतीसह.

एवढ्या काळजीचें कारण आम्हीं विचारलें, तेव्हां त्यानें समुद्राच्या दिशेस बोट केलें. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाचें विध्वंसक प्रकरण जगभर पसरलें. युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या प्रणालीच्या सुधारणेबरोबर, म्हणजे विश्वासाच्या वाटेनें, तें शिरलें. मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचीं यंत्रें जगभर बंद पडलीं, आणि तिच्याच समूहाकडून चालविला जाणारा न्हावाशेव्याचा गेटवे टर्मिनल हा धक्काहि ठप्प झाला. वर्षाकाठीं १८ लाख पेट्या हाताळण्याची ज्याची क्षमता, तेथें कामें हातानें करण्याची पाळी आली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कोंडी होईल असा इशारा द्यावा लागला. मर्स्कला पुढें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांचें झालें.

या प्रकरणाची चाल ध्यानांत घ्यावी. एका संगणकांत शिरल्यावर तें शेजारच्या संगणकाकडे, मुख्यतः ४४५ क्रमांकाच्या दारानें, सरकत जाई. विंडोजमधील ज्या उणिवेचा त्यानें फायदा घेतला, तिचा उपाय मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजींच दिला होता. परंतु ज्यांनीं उपाय केला होता तीं यंत्रेंहि शेजाऱ्याकडून चोरलेल्या परवलीच्या शब्दांनीं उघडलीं जात. वेशीवरचा दारवान येथें हतबल होता. एकाच जाळ्यावरील दोन यंत्रें परस्परांशीं बोलतात, तेव्हां तो संदेश त्याच्यापुढें येतच नाहीं. ‘आंतल्या सर्वांस परस्परांकडे पूर्ण मुभा’ हा नियम कोणीं लिहिलेला नसतो. आणि जो लिहिलेला नाहीं, तो तपासणार कोण?

वायर्ड या मासिकानें २०१८ सालीं दिलेल्या हकीकतीप्रमाणें, मर्स्कच्या साऱ्या संगणकांची ओळखवही ठेवणारें एकच यंत्र सुरक्षित राहिलें, तें आफ्रिकेंतील घाना देशांत. हल्ल्याच्या वेळीं तेथें वीज गेली होती! माणसाच्या शहाणपणानें जो मार्ग बंद व्हावयास हवा होता, तो योगायोगानें बंद झाला आणि तेवढें एक वांचलें.

येथें मूळ शब्दाकडे वळून पाहणें इष्ट होईल. फायरवॉल हा शब्द संगणकवाल्यांनीं इमारती बांधणाऱ्यांकडून घेतला. ती गांवाची तटबंदी नव्हे; एका घराची आग दुसऱ्यास लागूं नये म्हणून मधोमध घातलेली भिंत, असा त्याचा अर्थ. तटाचें काम शत्रूस बाहेर ठेवण्याचें. या भिंतीचें काम, आग लागलीच तर ती पसरूं न देण्याचें. भाच्यानें आपल्या यार्डांत वजनकाटा, हिशेब, कॅमेरे व पाहुणे अशीं चार जाळीं वेगळीं केलीं आहेत, आणि त्यांच्यामधील प्रत्येक वाटेस आतां लेखी नियम आहे.

आम्ही परत येतांना आमच्या मनांत जासईपेक्षां आमचें स्वतःचें घर अधिक होतें. चुलत्या-पुतण्यांच्या भरल्या घरांत किती मुभा आणि किती मज्जाव असे आहेत, कीं ज्यांचें कारण सांगणारें माणूस आतां हयात नाहीं! कांहींनीं तें सारें झुगारून द्यावें असें म्हणावें, कांहींनीं तें जिवापाड जपावें. परंतु वजनकाट्याच्या दाराशीं भाच्यानें जें केलें, तें दोन्ही पक्षांस फारसें सुचत नाहीं. त्यानें आधीं पाहिलें, मग विचारलें, आणि मग नव्यानें लिहिलें.

तूर्त निदान एवढें तरी प्रत्येक घरास साधण्यासारखें आहे. घरच्या वायफायचा परवलीचा शब्द आजवर कोणाकोणास सांगितला, पाहुण्यांसाठीं निराळें जाळें आहे किंवा कसें, वडील मंडळींच्या बँकेचा व्यवहार कोणाकोणाच्या फोनवरून होतो, आणि मागें कामापुरता प्रवेश दिलेल्या कोणा कारागिराची वाट अजून खुली आहे काय, हें एका रविवारीं सर्वांनीं एकत्र बसून कागदावर उतरवावें. प्रत्येक ओळीपुढें कारण आणि तारीख घालावी. ज्या ओळीपुढें घरांत कोणासच कारण लिहितां येणार नाहीं, तेथूनच तपासास आरंभ करावा. आमच्या घरच्या कागदावर अशा तीन ओळी निघाल्या, आणि त्यांतील दोन आमच्याच हातच्या होत्या.